तीन हिसके

शशिकांत डुबलचा माऊस रोज दुपारी तीनला मरायचा आणि चारच्या सुमाराला आपला आपण जिवंत व्हायचा.

बाकी दिवसभर त्याची काही तक्रार नसे. सकाळी नवाला शशिकांत हॉलमधल्या टेबलाशी बसला की माऊस मुकाट कामाला लागे. पण तीन वाजून पाच-सात मिनिटं झाली की पडद्यावरचा बाण होता तिथे थिजायचा. मग माऊस घासा, आपटा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, बाण ढिम्म हलायचा नाही.

या छळाला दोन आठवडे झाले होते आणि शशिकांतला तो स्वतःचा अपमान वाटत होता. बत्तीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. तांब्याच्या तारा होत्या तेव्हा तो खांबावर चढला, काचेच्या तारा आल्या तेव्हा खड्ड्यात उतरला, आणि निवृत्त झाल्यावरही कराडात घरी बसून एका कंपनीसाठी तारांचे नकाशे तपासत होता. उभ्या तालुक्यातले बिघाड ज्याने शोधले, त्याला घरातला मूठभर माऊस दाद देत नव्हता.

त्याने पद्धतशीर सुरुवात केली. सेल बदलले. टेबलावरची काच पुसली, मग काच काढून खाली वर्तमानपत्र घातलं. घरातले माऊस आणि पडदे जोडणारी घरपेटी बंद करून चालू केली. शैलजाचा मिक्सर, इंडक्शनची शेगडी, टाकीची मोटर, एकेक बंद करून पाहिलं, लहरींत कशाने गडबड होतेय का म्हणून. शेवटी दोन नवे माऊस आणले, तेही तीनला मेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार चालला होता, आणि रेडा कुठे बांधलाय तेच सापडत नव्हतं.

प्रत्येक उपायानंतर तो माऊस मुठीत धरून तीन हिसके द्यायचा. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग थांबायचा. ही त्याची नोकरीतली खोड. जमिनीखालच्या नळीतून तारांची जुडी गेलेली असायची आणि त्यातली आपली कोणती ते कळायचं नाही. मग एका टोकाचा माणूस तार तीनदा ओढायचा, दुसऱ्या टोकाच्या जोडीदाराच्या हातात जी हलेल ती तो तीनदा उलट ओढायचा. बोलायची गरज नसायची. पलीकडे माणूस आहे आणि जागा आहे, एवढं कळलं की पुरे.

ऋतुजा लहान असताना बापलेक हा खेळ सुतळीने खेळायचे, तो स्वयंपाकघरात आणि ती पलंगाखाली. माऊसवर पहिल्यांदा तिचा हात ठेवला तोही त्यानेच, वर स्वतःचा हात ठेवून. त्यामुळे मोठी होऊन ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागली, तरी माऊस हातात घेतला की आधी तीन हिसके द्यायची आणि आतून ओरडून सांगायची, पप्पा, लाइन चालू.

ऋतुजा त्यांची एकुलती एक. चौदा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी, काम करता करताच, तिचं डोकं दुखायला लागलं. मेंदूतली शीर फुटली होती. गुरुवारी ती गेली. सव्वीस वर्षांची होती.

तेव्हापासून शशिकांतने तिच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. शैलजा मात्र रोज दुपारी तिथे जाऊन दार लोटून घ्यायची. जरा पडते, तिथे गारवा असतो, म्हणायची. त्याने कधी जास्त विचारलं नाही. मुलगी गेल्यापासून त्या घरात भात वाढू का आणि गॅस बंद केलास का, यापलीकडे बोलणंच उरलं नव्हतं. एकमेकांचं दुःख बघवत नाही म्हणून दोघं आपापलं दुःख घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसायची.

गेले दोन आठवडे मात्र शैलजा बदलली होती. वर्षभर ताटात नुसता भात चिवडणारी बाई भाकरी मोडून जेवायला लागली. एके दिवशी तिने भरीत केलं. ऋतुजाच्या आवडीचं म्हणून ते घरात बंदच झालं होतं. वांगं भाजताना ती गुणगुणत होती. शशिकांतला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की हिचं दुःख निवलं आणि माझं का निवत नाही.

सोमवारी तीन वाजता माऊस पुन्हा मेला, तेव्हा त्याने हार मानली आणि घरपेटीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे परवीन नावाची बाई होती, बोलायला शांत.

घरपेटीविषयी इथे थोडं सांगायला हवं. हल्लीच्या माऊसला स्वतःची अक्कल नसते. हात कसा हलला एवढंच तो बिनतारी कळवतो. कुठल्या पडद्यावरचा बाण कुठे न्यायचा ते ठरवते घरपेटी. डुबलांच्या घरात ती फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीशेजारी होती. ही पेटी माणूस ओळखते ती हातावरून. कोणाचा हात किती झटक्यात निघतो, नेमक्या जागेच्या किती आधी ब्रेक लावतो, मध्ये किती बारीक थरथरतो, हे दोन माणसांचं कधी सारखं नसतं. पेटी ते शिकत राहते. इतकं शिकते, की हात पाव अंतर गेला की पुढे कुठे जाणार ते तिला कळतं, आणि माऊसच्या पोटातलं चुंबक हाताला तिकडे हलकंच खेचतं. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ही सोय निघाली आणि मग घरोघर पसरली. पासवर्ड गेले. ज्याचा हात, त्याचा पडदा.

परवीनने त्याला पेटीवरची रोजनिशी उघडायला लावली. शशिकांतने चष्मा पुसून वाचलं. शनिवार, तीन वाजून सात मिनिटं. माऊस, हॉलमधला. हात, ऋतुजा. पडदा, ऋतुजाची खोली. खाली रविवारचंही तेच. त्याच्या आदल्या दिवसांचंही तेच.

परवीन म्हणाली, काका, तुमचा माऊस बंद नाहीच. तो चालतोय, फक्त दुसऱ्या खोलीतला बाण हलवतोय. पेटी तुमच्या हाताला ऋतुजा समजतेय. तिकडचा पडदा कोणी तीनला चालू करतं का? नाहीतर ही चूक एरवीही झाली असती. ऋतुजा कोण?

"माझी मुलगी," शशिकांत म्हणाला. "ती नाही आता."

फोन तसाच ठेवून तो उठला. ऋतुजाच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. शैलजा झोपलेली नव्हती. ती ऋतुजाच्या खुर्चीत बसली होती. समोरचा पडदा चालू होता, त्यावर चित्र काढायचा कोरा पांढरा कागद उघडलेला होता. शैलजाचा तळवा ऋतुजाच्या माऊसवर होता. तिने तो धरला नव्हता, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा नुसता हात ठेवला होता. ती बाणाकडे बघत होती.

"आज उशीर केलास गं," ती हळूच म्हणाली.

शशिकांत पाय न वाजवता परत टेबलाशी आला. मेलेला माऊस हातात घेतला आणि तीन हिसके दिले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आतून खुर्ची करकरली, आणि पाठोपाठ शैलजाचं हसू ऐकू आलं. चौदा महिन्यांत ते त्याने ऐकलं नव्हतं.

त्याने माऊस खाली ठेवला. मग फोन उचलला, परवीन अजून होती. त्याने पाहिलेलं सांगितलं.  नंतर तिने जे समजावलं ते असं.

शैलजाने जन्मात माऊस धरला नव्हता, तिचं सगळं फोनवर. त्यामुळे तिच्या हाताची पेटीला ओळखच नव्हती. दहा महिन्यांपूर्वी तिने ऋतुजाच्या माऊसवर हात ठेवला, तेव्हा पेटीची समजूत झाली की हा ऋतुजाचाच हात, काहीतरी दुखापत झालीय त्याला. दुखऱ्या हाताला सांभाळून घ्यायचं हे तर पेटीचं कामच. ती जुन्या आठवणीने त्या हाताला खेचू लागली, आणि रोज थोडा थोडा हा नवा हात शिकून जुना विसरू लागली. ओळखीचं कुंपण सैल होत गेलं. शेवटी शेजारचा हातही त्यात आला. शेजारचा म्हणजे बापाचा, कारण लेकीच्या हाताला वळण त्यानेच लावलं होतं.

"म्हणजे सुरुवातीला तिच्या हाताला जी खेच लागत होती, ती ऋतूची होती?" शशिकांतने विचारलं.

"हो काका. ती खरीच ताईंची होती."

"आणि आता?"

परवीनने आकडा बघून सांगितला. ताई गेल्या त्या दिवशी पेटीला त्यांचा हात शंभरात सत्त्याण्णव भाग पक्का ठाऊक होता. आज एकोणीस. काकूंनी हात ठेवला की तो उतरतो, तुम्ही हिसके दिले की आणखी उतरतो. दहाच्या खाली गेला की पेटी ते नाव काढून टाकेल आणि मागचं काही परत येणार नाही. हवं तर मी आत्ता गोठवून देते, एकोणीस ते एकोणीस राहतील आणि तुमचा माऊसही नीट चालेल. फक्त मग ताईंच्या माऊसवर कोणाच्या हाताला काही जाणवणार नाही, आणि बाणही आपोआप हलणार नाही.

शशिकांत म्हणाला, सांगतो.

त्याने सांगितलं नाही. पेटीत ऋतुजा एकोणीस भाग उरली होती, आणि भिंतीपलीकडे शैलजा आख्खी होती, नुकती कुठे जेवायला लागलेली. लेकीचं उरलंसुरलं जपावं की बायकोला जगवावं, असा तो सरळ हिशेब होता, आणि सरळ असला तरी तो मांडताना त्याला भडभडून आलं. दुसऱ्या दिवशी तीनला तो टेबलाशी बसला आणि माऊसला तीन हिसके दिले. आत खुर्ची करकरली.

मग रोजचंच झालं. तो दुपारचा चहा लवकर पिऊन घ्यायचा, तीनला उशीर नको म्हणून. हिसके द्यायचा आणि पेटीवरचा आकडा बघायचा. सतरा. सोळा. चौदा. आपल्याच हाताने आपण काय करतोय हे त्याला पक्कं कळत होतं. संध्याकाळी शैलजा त्याच्याशी चार वाक्यं जास्त बोलायची, एकदा तर म्हणाली, अहो, मला वाटतं ऋतू जिथे आहे तिथे बरी आहे. तो हो म्हणाला. एवढं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

तिला जरा जास्त द्यावं, असं त्याला वाटायला लागलं आणि तिथेच घात झाला.

ऋतुजाची एक सवय होती. चित्र कसलंही असो, हत्तीचं की हलवायाचं, कोपऱ्यात ती पप्पांसाठी टेलिफोनचा एक खांब काढायची. खांबावर आडवी पट्टी आणि पट्टीवर चिनी मातीचे पांढरे कप, ज्यांना तारा बांधतात ते. ती नेहमी तीन काढायची आणि शशिकांत नेहमी चिडायचा. फोनला तारांची जोडी लागते, दोन काढ नाहीतर चार काढ, तीन म्हणजे कोणाचा तरी फोन बंद, असं तो दर वेळी समजावायचा. ती ऐकून घ्यायची, हसायची आणि पुढच्या चित्रात पुन्हा तीनच काढायची.

आठव्या दिवशी त्याने तो खांब काढायचा ठरवला. त्याच्या समोरच्या पडद्यावर काहीच उमटणार नव्हतं, सगळं अंदाजानेच. डोळे मिटून, बटण दाबून त्याने माऊस सरळ खाली ओढला, खांब. मग आडवी पट्टी. मग कप, छोटे छोटे गोल, एकापाठोपाठ एक. काढताना शैलजाचा चेहरा कसा उजळला असेल तेच त्याच्या डोळ्यांपुढे होतं, म्हणून हाताकडे लक्ष नव्हतं. हात बत्तीस वर्षं खांबावर चढलेला होता. त्याला चूक करता येतच नव्हती.

आतून काही आवाज आला नाही. खुर्ची करकरली नाही. मग दार उघडलं आणि शैलजा बाहेर आली. ती टेबलाशी येऊन उभी राहिली, त्याच्या हातातल्या माऊसकडे आणि थिजलेल्या बाणाकडे बघत.

"चार काढलेत तुम्ही," ती म्हणाली.

शशिकांतने माऊस सोडला.  शैलजा शेजारच्या खुर्चीत बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, किती दिवस. पहिले दोन आठवडे मलाही माहीत नव्हतं, तो म्हणाला, मी बिघाड शोधत होतो. पुढचे आठ दिवस माहीत होतं.

"आणि त्याच्या आधी? हाताला ओढ लागायची ती?"

"ती तिचीच होती, शैला. ऋतूचीच."

"मग ती हल्ली लागत का नाही? हिसके येतात, पण ती नाही लागत. मला वाटलं, मलाच जाणवेना झालीय."

इथे त्याला खोटं बोलता आलं असतं. पण खोटा बिघाड त्याने जन्मात कधी लिहून दिला नव्हता, आणि आठ दिवसांचं खोटं त्याला पुरून उरलं होतं. त्याने परवीनने सांगितलेलं सगळं सांगितलं, सत्त्याण्णवपासून. शैलजाने आपला उजवा तळवा वर करून बघितला, जणू त्याला काही लागलंय.

"म्हणजे मीच तिला पुसून काढलं. रोज. हात ठेवून."

"दोघांनी," शशिकांत म्हणाला. "आणि तू नकळत. मी कळून."

तेव्हा ती रडली. तोही रडला. चौदा महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा एका खोलीत रडत होती.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि चला म्हणाली. शशिकांत तिच्या मागोमाग ऋतुजाच्या खोलीत गेला. भिंतीवर तिची चित्रं होती, टेबलावर तिचा केसांचा चाप होता. पडद्यावर त्याचा खांब होता, वाकडा, पट्टी एका बाजूला कललेली, आणि पट्टीवर चार कप. शैलजा खुर्चीत बसली, माऊसवर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, ठेवा हात. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून चौथा कप पुसला. हाताला खेच लागते का म्हणून दोघंही अगदी सावकाश पुसत होती. नाही लागली.

कप पुसला गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात पेटीची सूचना आली. जुनी ओळख रद्द झाली आहे. नवा हात आढळला आहे. शशिकांत यांच्या हाताशी काही साम्य, दुसऱ्या अनोळखी हाताशी काही साम्य. हा हात कोणाचा? कृपया नाव लिहा.

खाली चौकट होती आणि चौकटीत रेघ लुकलुकत होती. अर्धा त्याचा आणि अर्धा तिचा असा एक हात त्या घरात पूर्वीही एकदा आला होता. शशिकांतचं बोट कळफलकाकडे गेलं, ऋ या अक्षरावर थांबलं. शैलजाने ते बोट धरलं.

"ऋतू झाली तेव्हा दवाखान्यात पण असंच विचारलं होतं कागद भरणाऱ्या बाईने," ती म्हणाली. "बाळाचं नाव काय लिहू म्हणून. तुम्ही काय सांगितलं होतं आठवतं?"

"अजून ठेवायचंय."

"तसंच राहू द्या."

तिने चौकट बंद केली. मग पडदाही बंद केला. बाहेर येताना तिने दार ओढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शशिकांत नेहमीप्रमाणे नकाशा उघडून बसला. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटं झाली. शैलजा स्वयंपाकघरात गवार मोडत होती. त्याने माऊस मुठीत धरला आणि हिसके दिले, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. समोरच्या पडद्यावर त्याचा बाण तीनदा हलला, जिथे हलायला हवा अगदी तिथे.

"चालतोय का हो?" शैलजाने आतून विचारलं.

"चालतोय," तो म्हणाला आणि माऊसवर हात तसाच ठेवून बसला. पलीकडून उलट तीनदा ओढणारं आता कोणी नव्हतं.